आधी थोरला

चिलवेरींच्या कारखान्यात माग अठ्ठावीस, कॉम्प्युटर एक.
माळ्यावर, टॉवेलच्या गठ्ठ्यांना टेकून ठेवलेला,
कीबोर्डात सुताचा भुगा,
आणि खालची खटाखट
टेबलातून चढून माउसपर्यंत येते.

मे महिना, अक्कलकोट रोड, डोक्यावर पत्रा.
मालकांना एक्सपी हवी,
जेकार्डचं सॉफ्टवेअर तिच्याशिवाय उघडत नाही.
त्याची किल्ली मागच्या पॅरलल पोर्टात खोचलेली,
तिच्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी, काहीतरी लिहिलेलं.
डिझायनर पेंटप्पा गाजूल वारले त्याला दोन वर्षं झाली,
त्यांचे हत्ती, वेली, कोयऱ्या तिथेच आहेत.
मोराच्या फाइलचं नाव ‘नेमली’.
मुनीमजींना विंडोज टेन, जीएसटीपुरती.
लावण्याला लिनक्स.
कॉलेजात सांगितलंय, म्हणाली.
मग वडील खाली गेल्यावर: फुकट आहे, आणि त्यात कुणी डोकावणार नाही.

पाचशे जीबीची डिस्क. मी वाटणी मांडली.
वाटणी म्हटल्यावर चिलवेरी खुर्ची ओढून जवळ आले.
खालच्या शेडमधली मधली भिंत धाकट्या भावानं घातलेली,
पलीकडेही अठ्ठावीसच.
“एक्सपीला किती?”
“चाळीस पुरे.”
“थोरल्याला एवढंसंच?”
“त्याची भूक कमी, मालक. पण पहिल्यांदा बसवायचा तोच.
मागून आणला, तर घरात कोण आहे ते बघत नाही,
दारावरची पाटी पुसतो, आपली लावतो.”
“बघितलंय,” ते म्हणाले,
आणि चहा सांगायला उठले.

थोरला सुखासुखी बसला नाही.
निळा पडदा. पुन्हा निळा पडदा.
बायोसमध्ये जाऊन डिस्कची चाल जुनी केली,
मग बसला, कुरकुरत.
टेन निम्म्यावर आली आणि लाइट गेली.
सगळे माग एकदम गप्प.
एवढी शांतता ह्या कारखान्यात फक्त अमावास्येला.
यूपीएस कोकलत होता, बॅटरी बारा मिनिटांची,
आणि टक्के चढत होते एकेक,
जसं कुणी जिना चढावा गुडघे धरून.
अकराव्या मिनिटाला माग सुरू झाले.
“काय करलालाव बिराजदार, घाम पुसा की,” लावण्या हसली.

लिनक्स शेवटी.
शेंडेफळानं आल्या आल्या घरभर फिरून
आधीच्या दोघांची नावं विचारून घेतली
आणि उंबऱ्याशी यादी लावली.

तिसऱ्या दिवशी फोन.
रात्री अडीचला काढलेलं चलन
आदल्या तारखेचं निघालं, ट्रक नाक्यावर उभा.
साडेपाच तास. मला हसू आलं.
लिनक्स घड्याळात ग्रीनविचची वेळ लिहून ठेवतं,
विंडोज तीच सोलापूरची म्हणून वाचते.
दोघंही आपापल्या जागी बरोबर.
एका ओळीची आज्ञा दिली. ट्रक सुटला.
चिलवेरींनी पैशांबरोबर शेंगाचटणीची पुडी दिली,
मला घरी आणायला सांगितलेलीच होती.

निघताना पुन्हा चालू करून दाखवलं.
यादी येते, दहा सेकंद थांबते.
चिलवेरी ओठांत: ओकटी, रेंडू, मूडू…
माझंही मनात चाललेलं: ओंदू, एरडू…
आयुष्यभर मराठी बोललो, मोजायला बसलो की आई बोलते.
लावण्या मोजत नाही. बाणाचं बटण दाबून
हवं तिथं जाऊन उभी राहते.
आज तिनं एक्सपी उघडली. मोर आला,
चौकोन चौकोन, शेपूट निम्मीच भरलेली.

“किल्लीवर काय लिहिलंय?” मी विचारलं.
अक्षरं तेलुगू. लावण्या बोलते, पण वाचायला येत नाही.
पट्टी कोपऱ्यात सुटलेली.
चिलवेरींनी चष्मा कपाळावर सरकवला,
डबा भिंतीपासून पुढं घेतला, वाकले,
बराच वेळ बघत राहिले.

“काढू नये,” ते म्हणाले.
आणि अंगठ्यानं पट्टी दाबून बसवली.